दामोदर धर्मानंद कोसंबी : फलन-अवकाशातील एक गोमंतकीय

ग्रंथालयात जाऊन कोसंबी हे नाव शोधू लागलो, तर ते बहुधा इतिहासाच्या कपाटात सापडते. प्राचीन भारताचा इतिहास शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ते परिचयाचे असते. संस्कृतच्या विद्यार्थ्याला भर्तृहरीच्या सुभाषितांचे संपादक म्हणून ते ठाऊक असते. पण गणिताच्या वर्गात हे नाव क्वचितच निघते. वास्तविक प्रा. दामोदर धर्मानंद कोसंबी हे व्यवसायाने आयुष्यभर गणिताचे अध्यापक आणि संशोधक होते. आपल्या शेजारच्या गोव्यात जन्मलेल्या या माणसाने १९४३ साली एका भारतीय नियतकालिकात जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातील कल्पना आज हवामानशास्त्रापासून प्रतिमा-संस्करणापर्यंत जगभर वापरली जाते. मात्र बहुतेक ठिकाणी ती दुसऱ्यांच्या नावाने ओळखली जाते. या लेखात त्या निबंधाच्या अनुषंगाने त्यांच्या जीवनाचा परिचय करून देण्याचा विचार आहे.

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. त्यांचे वडील आचार्य धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे थोर पंडित. ज्ञानाच्या ओढीने घर सोडून पुणे, काशी, नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश असा प्रवास केलेल्या या विद्वानाचे ‘निवेदन’ हे आत्मचरित्र मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. धर्मानंद काही वर्षे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवीत होते. पुढे हार्वर्ड विद्यापीठात बौद्ध ग्रंथाच्या संपादनाचे काम त्यांच्याकडे आले आणि १९१८ साली ते अमेरिकेस निघाले, तेव्हा अकरा वर्षांचा दामोदर त्यांच्याबरोबर होता. घरात आणि स्नेह्यांत त्याला ‘बाबा’ म्हणत.

अमेरिकेतील केंब्रिज गावी बाबाचे शालेय शिक्षण झाले. मध्यंतरी तो भारतात येऊन राहिला आणि १९२६ मध्ये पुन्हा हार्वर्डला दाखल झाला. तेथे जॉर्ज डेव्हिड बर्कहॉफ यांच्यासारखे श्रेष्ठ गणिती शिकवीत होते. गणिताबरोबर त्याने अनेक भाषाही हस्तगत केल्या. १९२९ साली अत्युच्च श्रेणीत पदवी मिळवून तो स्वदेशी परतला. डॉक्टरेटची पदवी त्याने मिळवली नाही, आणि पुढेही तिची कधी गरज मानली नाही.

परतल्यावर कोसंबी प्रथम बनारस हिंदू विद्यापीठात शिकवू लागले. १९३१ मध्ये ते अलीगढला गेले. तेथे आंद्रे वेल हा तरुण फ्रेंच गणिती विभागप्रमुख होता. त्याच्या सांगण्यावरून कोसंबींनी एक गंमत केली. एका निबंधात त्यांनी बूर्बाकी नावाच्या कधीच अस्तित्वात नसलेल्या रशियन गणितज्ञाच्या नावावर एक प्रमेय घातले आणि तो निबंध अलाहाबादच्या एका शास्त्रीय नियतकालिकात छापूनही आला. पुढे काही वर्षांनी वेल आणि त्याच्या फ्रेंच मित्रांनी निकोला बूर्बाकी हेच टोपणनाव घेऊन आधुनिक गणिताची ग्रंथमाला लिहायला घेतली. गणिताच्या जगात इतके गाजलेले हे नाव एखाद्या गणिती निबंधात प्रथम छापले गेले ते एका गोमंतकीयाच्या हातून, हे फार थोड्यांना माहीत असते.

१९३३ मध्ये कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले आणि बारा वर्षे तेथे राहिले. वडिलांनी जेथे पाली शिकवली, तेथेच मुलाने गणित शिकवले. हीच त्यांची सर्वांत सुपीक वर्षे होत. त्याच १९३३ साली एका प्रतिष्ठित जर्मन नियतकालिकात पथ-अवकाशांच्या भूमितीवरील त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि त्याच्याच पाठोपाठ एली कार्तां या श्रेष्ठ फ्रेंच भूमितीज्ञाचे त्यावरील टिपण छापले गेले. चीनच्या चेर्न यांनी पुढे त्यात भर घातली. आज तो विषय कोसंबी-कार्तां-चेर्न सिद्धांत म्हणून ओळखला जातो. १९३४ मध्ये कोसंबींना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले.

आता १९४३ च्या निबंधाकडे वळू. ‘जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या निबंधाचा विषय होता फलन-अवकाशातील संख्याशास्त्र. नाव ऐकून घाबरण्याचे कारण नाही. कल्पना साधी आहे.

समजा, आपल्या गावात एका दिवसाचे तापमान आपण सकाळपासून रात्रीपर्यंत नोंदले आणि त्याचा आलेख काढला. एक वक्ररेषा मिळेल. दुसऱ्या दिवशी दुसरी मिळेल. वर्षभरात तीनशे पासष्ट वक्ररेषा जमतील. प्रत्येक वक्ररेषा म्हणजे वेळेचे एक फलन. या सगळ्या फलनांना सामावून घेणारे जे विस्तीर्ण मैदान, त्याला फलन-अवकाश म्हणतात. या अवकाशात प्रत्येक वक्ररेषा हा एक बिंदू असतो. आपल्या नेहमीच्या अवकाशात बिंदू सांगायला तीन अंक पुरतात. येथे मात्र अनंत अंक लागतात, कारण प्रत्येक क्षणाचे तापमान वेगळे असू शकते. अनंत अंक कोण लिहिणार आणि कोण हाताळणार?

परंतु या वक्ररेषा अगदीच मनमानी नसतात. सकाळी गारवा, दुपारी चढ, संध्याकाळी उतार हा सरासरी आकार सर्वांत असतोच. तो वजा केला की जे उरते त्यातही शिस्त असते. काही दिवस ढगाळ असल्यामुळे पूर्ण दिवसच थंड जातो. काही दिवशी दुपारपर्यंत कडक ऊन असते आणि चार वाजता वळीव कोसळून तापमान एकदम खाली येते. म्हणजे बदलाचे मोजकेच मुख्य आकार असतात, आणि प्रत्येक दिवसाची वक्ररेषा ही त्या आकारांचे कमीअधिक मिश्रण असते.

हे मुख्य आकार अटकळीने न ठरवता गणिताने कसे काढावे, हे कोसंबींनी दाखवले. कोणत्याही दोन वेळांची जोडी घ्यावयाची आणि त्या दोन वेळांचे चढउतार किती प्रमाणात बरोबरीने होतात हे मोजावयाचे. त्यातून दोन चलांचे एक फलन मिळते. त्याला सहप्रचरण म्हणतात. या फलनापासून एक कारक तयार होतो. कारक म्हणजे एका फलनाला दुसऱ्या फलनाकडे नेणारी क्रिया, इंग्रजीत जिला ऑपरेटर म्हणतात. बहुतेक फलनांचा आकार हा कारक बदलून टाकतो. पण काही विशिष्ट फलने अशी असतात की त्यांचा आकार तसाच राहतो, फक्त त्यांची पट वाढते किंवा घटते. हेच आपले मुख्य आकार. ते परस्परांना लंब असतात आणि त्यांचे गुणांक परस्परांशी निगडित नसतात. प्रत्येकाची जी पट, ती त्या आकाराच्या वाट्याला आलेला चढउतार सांगते. या सर्व पटींची बेरीज केली की एकूण चढउतार मिळतो.

यातला सर्वांत मोलाचा भाग पुढेच आहे. पटींच्या उतरत्या क्रमाने पहिले पाच किंवा दहा आकार ठेवले आणि बाकीचे सोडून दिले, तर जे सन्निकटन मिळते त्यापेक्षा चांगले सन्निकटन तेवढ्याच आकारांत दुसऱ्या कोणत्याही रीतीने मिळत नाही. शिवाय सरासरी चूक किती राहिली हेही नेमके कळते: सोडून दिलेल्या पटींची बेरीज म्हणजेच ती चूक. थोडक्यात पुष्कळ पकडावयाचे आणि काय निसटले याचा हिशेब जवळ ठेवावयाचा, असा हा मार्ग आहे. ही कल्पना अगदी निराधार उगवली नव्हती. सांत संख्येच्या मापांसाठी कार्ल पियर्सन यांनी १९०१ मध्ये आणि हॅरॉल्ड होटेलिंग यांनी १९३३ मध्ये तिचा पाया घातला होता. ती अनंत परिमाणांच्या फलन-अवकाशात नेली, हे कोसंबींचे कार्य.

अनंताला सांताने गाठता येते का, हा प्रश्न त्याच काळात युरोपातही गाजत होता. पोलंडमधील ल्वूफ शहरात स्टेफान बानाख आणि त्याचे सहकारी एका कॉफीगृहात जमून गणित करीत. बानाखने १९३२ साली आपल्या ग्रंथात ज्या अवकाशांचा अभ्यास मांडला ते आज बानाख अवकाश म्हणून प्रसिद्ध आहेत. त्या मंडळींची कूटप्रश्नांची एक वही होती. तीत स्तानिस्लाव माझूर याने ६ नोव्हेंबर १९३६ रोजी एक प्रश्न लिहिला आणि सोडवणाऱ्यास जिवंत हंस बक्षीस लावला. दोन चलांचे एखादे संतत फलन घेतले, तर त्याच्यातूनच कापून काढलेल्या एकेका चलाच्या तुकड्यांचे गुणाकार जोडून त्याच्या हवे तितके जवळ जाता येईल काय, असा तो प्रश्न होता. कोसंबींचे सहप्रचरण हेही दोन चलांचेच फलन, आणि तेही एकेका चलाच्या आकारांच्या गुणाकारांनीच उलगडते. दोन्ही प्रश्न एकाच कुळातले आहेत.

फरक आहे तो अवकाशाचा. कोसंबींचे काम हिल्बर्ट अवकाशात चालते. तेथे लंब या शब्दाला अर्थ आहे, त्यामुळे कोणताही बिंदू मोजक्या दिशांवर उतरवता येतो. तेथे प्रत्येक संहत कारकाच्या हवे तितके जवळ सांत कोटीच्या कारकांनी जाता येते. सांत कोटीचा कारक म्हणजे ज्याचे सारे उत्तर मोजक्या दिशांतच मावते असा. सर्वसाधारण बानाख अवकाशात लंब ही कल्पनाच नसते. तरीही तेथे असे जवळ जाता यावे, अशी आशा पुष्कळांना होती. त्या गुणाला सन्निकटन-गुणधर्म हे नाव मिळाले.

१९५५ मध्ये अलेक्झांडर ग्रोथेंडीक या गणितज्ञाने दाखवून दिले की माझूरचा प्रश्न आणि हा सन्निकटन-गुणधर्माचा प्रश्न वस्तुतः एकच आहेत. ज्या अवकाशात हा गुणधर्म नाही, तेथे ज्यांना केंद्रकीय कारक म्हणतात त्यांच्या पटींची बेरीजदेखील नि:संदिग्धपणे ठरवता येत नाही, हेही त्याच्या विवेचनातून स्पष्ट झाले. म्हणजे कोसंबी ज्या बेरजेच्या बळावर चुकीचा हिशेब ठेवतात, तो आधारच तेथे ढासळतो. शेवटी १९७२ साली पेर एन्फ्लो या स्वीडिश तरुणाने सन्निकटन-गुणधर्म नसलेला एक बानाख अवकाश रचून दाखवला. माझूरच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले. त्याच वर्षी वॉर्सा येथे माझूरने छत्तीस वर्षांपूर्वी कबूल केलेला जिवंत हंस एन्फ्लोच्या हाती दिला.

त्यानंतर या विषयाला मोठे भरते आले. कारकांची निरनिराळी कुळे वेगळी काढून अभ्यासण्यात येऊ लागली. कुळातल्या कारकाच्या आधी किंवा नंतर दुसरा कोणताही मर्यादित कारक जोडला तरी जोडकाम त्याच कुळात राहते, अशा कुळाला कारक-आदर्श म्हणतात. पीच या जर्मन गणितज्ञाचा त्यावरील मोठा ग्रंथ १९७८ मध्ये निघाला. सांत कोटीचे कारक हा त्यातला सर्वांत लहान आदर्श, आणि प्रत्येक आदर्शाच्या बाबतीत तोच जुना प्रश्न विचारला जातो: येथे लहानाने मोठ्याला गाठता येते का?

कोसंबी या वादापासून दूर, पुण्यात होते. पण थोडक्यात पुष्कळ पकडण्याची ही दृष्टी त्यांनी फलन-अवकाशापुरती ठेवली नाही. तक्षशिलेच्या उत्खननात सापडलेल्या आहत नाण्यांच्या साठ्यांकडे ते वळले. नाणे हातोहात फिरताना झिजते. अनेक नाण्यांचे सरासरी वजन काळाबरोबर घटत जाते आणि वजनांतील तफावत वाढत जाते. कोसंबींनी चालू चलनातील नाणी तोलून या नियमाची खात्री करून घेतली आणि मग हजारो नाणी स्वतः तराजूत घातली. मागील बाजूच्या लहान ठशांची संख्या जितकी अधिक तितके वजन कमी, असे त्यांना आढळले. यावरून ती नाणी ठरावीक काळाने तपासली जात असली पाहिजेत असे त्यांनी अनुमान केले, आणि कोणते नाणे आधीचे व कोणते नंतरचे हा क्रम लावला. एकेका नाण्याचे वजन काहीच सांगत नाही. साठ्याची सरासरी मात्र इतिहास सांगते.

भर्तृहरीच्या बाबतीतही तेच. शेकडो हस्तलिखिते, प्रत्येकात वेगळे श्लोक, वेगळा क्रम. ती सारी ताडून पाहून सर्व शाखांत सामान्यतः आढळणारे सुमारे २०० श्लोक त्यांनी वेगळे काढले, आणि १९४८ मध्ये चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध केली. १९४४ साली त्यांनी आनुवंशिकीसाठी एक सूत्र दिले. गुणसूत्रावरील दोन जनुकांमधील अंतर त्यांच्या पुनर्संयोगाच्या प्रमाणावरून काढण्याचे ते सूत्र ‘कोसंबी फलन’ या नावाने आजही वापरात आहे.

१९४५ साली होमी भाभांनी त्यांना नव्याने स्थापन झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावले. मुंबईत काम आणि पुण्यात घर अशी स्थिती झाली. डेक्कन क्वीनने पुणे-मुंबई ये-जा करणारे कोसंबी ही एक आख्यायिकाच होऊन बसली. १९४८-४९ मध्ये ते युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंड-अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक गणनयंत्रांचा अभ्यास करण्यास गेले. १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि इतिहासलेखनाला नवे वळण मिळाले.

या काळात १९४३ च्या निबंधाचे काय झाले? महायुद्ध चालू असताना भारतीय नियतकालिकातला निबंध बाहेर फारसा कोणी वाचला नाही. फिनलंडचे कारी कार्हुनेन आणि फ्रान्सचे मिशेल लोएव्ह यांनी १९४५ ते १९४८ च्या दरम्यान स्वतंत्रपणे तेच प्रमेय शोधले आणि जगाने त्याला त्या दोघांचे नाव दिले. त्यांच्याकडे दोष जात नाही. शिवाय कोसंबींनी स्वतःही त्या विषयाचा पुढे पाठपुरावा केला नाही. ते नाण्यांकडे, श्लोकांकडे, पुण्याच्या आसपासच्या लेण्यांकडे आणि म्हसोबा-वेताळाच्या ठाण्यांकडे गेले. १९६७ मध्ये जॉन लम्ली यांनी हीच पद्धत प्रवाहांतील खळबळीच्या अभ्यासाला लावली. १९८७ मध्ये सिरोविच आणि कर्बी यांनी माणसांच्या चेहऱ्यांची चित्रे मोजक्या आकारांत साठवण्यासाठी तिचा उपयोग केला. आता काही ग्रंथांत या प्रमेयाच्या नावात कोसंबींचे नावही प्रथम स्थानी घातले जाऊ लागले आहे.

येथवरची कथा अभिमानाची आहे. परंतु चरित्र लिहिताना दुसरी बाजू लपवणे योग्य नव्हे. १९५० नंतर कोसंबींचे लक्ष मूळ संख्यांकडे वेधले. मूळ संख्यांची विभागणी यदृच्छ घटनांसारखी दिसते, तेव्हा संख्याशास्त्राने तिच्यावर मात करता येईल असा त्यांचा विश्वास होता. १९५९ साली कृषी संख्याशास्त्राच्या एका भारतीय नियतकालिकात त्यांनी निबंध प्रसिद्ध केला आणि त्यातून रीमानचे सुप्रसिद्ध गृहीतक सिद्ध होते असा दावा केला. गणितज्ञांना तो मान्य झाला नाही. बहुतेक वेळा खरे असणे आणि नेहमी खरे असणे यांमध्ये जी दरी आहे, ती संख्याशास्त्र ओलांडू शकत नाही. मूळ संख्या यदृच्छ दिसतात, पण त्या यदृच्छ नसतात. ते गृहीतक आजही सिद्ध झालेले नाही.

या प्रकरणाने त्यांच्या गणिती लौकिकाला मोठा धक्का बसला. अणुशक्तीऐवजी सौरशक्तीचा पुरस्कार आणि जागतिक शांतता चळवळीतील सहभाग यांमुळे भाभांशी त्यांचे मतभेदही होतेच. १९६२ मध्ये टाटा संस्थेतील त्यांचा करार पुढे वाढवण्यात आला नाही. ज्याने फलन-अवकाशात शेवटच्या चुकीचाही हिशेब मांडला, त्याच्याकडून मूळ संख्यांच्या बाबतीत तो हिशेब अपुरा राहिला, असे खेदाने म्हणावे लागते. एन्फ्लोच्या हंसाचीही शिकवण हीच आहे. हाती आलेल्या सर्व उदाहरणांत जे खरे ठरते, ते सर्वत्र खरे असेलच असे नाही.

तरी कोसंबी खचले नाहीत. १९६२ मध्ये ‘मिथ अँड रिॲलिटी’ आणि १९६५ मध्ये प्राचीन भारताच्या संस्कृतीवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९६४ पासून ते पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेत मानद शास्त्रज्ञ म्हणून काम करीत होते. २९ जून १९६६ रोजी, वयाची एकोणसाठ वर्षे पूर्ण होण्याआधीच, पुण्यातील राहत्या घरी झोपेतच त्यांचे निधन झाले.

मरणोत्तर गौरव पुढे झाला. १९८० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यांना हरि ओम आश्रम पुरस्कार जाहीर केला. या आश्रमाच्या वास्तू गुजरातेत नडियाद आणि सुरत येथे आहेत. गोव्यात जन्मलेल्या, पुण्यात कार्य केलेल्या, कोणत्याही कर्मकांडावर विश्वास नसलेल्या या विद्वानाचे नाव सुरतेच्या तापीकाठच्या आश्रमाशी असे जोडले गेले. २००८ मध्ये, जन्मशताब्दीच्या निमित्ताने, त्यांच्यावर टपाल तिकीट निघाले.

आपल्यापैकी अनेकजण गणित, इतिहास, संस्कृत अशा वेगवेगळ्या वर्गांत बसतात आणि एकमेकांच्या वर्गात डोकावत नाहीत. कोसंबींना ही दारे बंद वाटली नाहीत. त्यांचे यश आणि त्यांची चूक ही एकाच वृत्तीची दोन फळे आहेत, म्हणून दोन्ही अभ्यासण्यासारखी आहेत. गणिताच्या विद्यार्थ्याने त्यांचा १९४३ चा निबंध एकदा उघडून पाहावा, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने तराजूत नाणी तोलणारा हा इतिहासकार आधी गणिती होता हे लक्षात ठेवावे.